मेव्हिस गाडीत का बोलायची

आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या दोन बायका अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. भेटल्या की हवेबद्दल एक वाक्य टाकतात आणि किटलीकडे वळतात. त्यांच्या मते सेसिल ओल्डरॉइडला मी रस्त्यावरून उठवलं. ते खोटं नाही. उठवलंच. फक्त कसं उठवलं ते त्यांना माहीत नाही, कारण शेवटच्या पाऊणेक मैलात गाडीत आम्ही दोघंच होतो. सेसिल ते कुणाला सांगणार नाही आणि मी आजवर सांगितलं नाही. आता लिहून टाकते.

सेसिल शिपली गावचा. वय शहात्तर, उंच, किडकिडीत, आणि कान एवढे मोठे की टोपी डोक्यावर कमी आणि कानांवर जास्त टेकलेली असायची. सोळाव्या वर्षी तो लोकरीच्या रंगखान्यात लागला आणि कारखान्याला कुलूप लागेपर्यंत तिथंच होता. काम रंग जुळवण्याचं. गिऱ्हाईक चिंधीएवढा तुकडा पाठवायचं, आणि टाकीतली लोकर त्या तुकड्याशी जुळली की नाही हे सेसिलनं खिडकीच्या उजेडात धरून सांगायचं. तो ‘हो’ म्हणेपर्यंत माल बाहेर पडत नसे. ही खोड तो आमच्या मेळाव्यांच्या मैदानावरही घेऊन आला. आमच्या बहुतेक कॅरॅव्हान, म्हणजे गाडीमागं ओढायच्या राहत्या व्हॅन, वरून सायीच्या रंगाच्या, खालून हिरव्या नाहीतर तांबड्या. बाकीच्यांना सगळ्या साया सारख्या. मी माझी व्हॅन नव्यानं रंगवून आणली तेव्हा सेसिलनं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, पिवळा थेंबभर जास्त झालाय. मी आठवडाभर फुगून बसले. मग एकदा भर उन्हात नीट पाहिलं, तर झालाच होता.

त्याची स्वतःची जोडी छप्पन सालची. रोव्हर गाडी छप्पनची आणि तिच्यामागची चौदा फुटी कॅरॅव्हानही छप्पनची. आतली कपाटं मूळची, दिव्यांच्या काचा मूळच्या, पडदे मेव्हिसनं जुन्या नमुन्यावरून शिवलेले. मेव्हिस म्हणजे त्याची बायको. बुटकी, गोल, गालांवर कायम पीठ सांडल्यासारखी पावडर. गाडीत बसली की तिचं विणकाम सुरू व्हायचं, आणि पोचेपर्यंत मोज्याची टाच वळलेली असायची. तीस वर्षं ती अशी गप्प बसून हिंडली.

मग कधीतरी ती बोलायला लागली. आधी आम्हाला कळलंच नाही. मैदानाच्या फाटकातून रोव्हर आत आली की उघड्या काचेतून तिचा आवाज यायचा. “डाव्या हाताला खांब. सरळ. समोर पोरं आहेत, थांब. गेली. आता उजवीकडे, अजून, अजून, बास.” रस्त्यावर त्यांच्या पुढंमागं असलेल्यांनी सांगितलं की ती सबंध वाट अशीच बोलत असते. लॉरी आली, दिवा लाल झाला, हिरवा झाला, सायकलवाला, म्हातारी, कुत्रं. आम्ही त्यावर पोट धरून हसलो. हिरव्या ऑस्टिनवाला डेनिस क्राउदर म्हणायचा, गाडी सेसिल चालवतो, हाकते मेव्हिस. तिच्या तोंडावरही म्हणायचा. ती चिडायची नाही आणि हसायचीही नाही. म्हातारपणी बायका बडबड्या होतात असा आम्ही अर्थ काढला. मीही काढला, आणि मी तेव्हा साठीची होते.

हा छंद बाहेरच्यांना पोरखेळ वाटतो. साठ वर्षांची गाडी, तिच्यामागं साठ वर्षांचं खोकं, ताशी चाळीस मैलांनी जायचं आणि कुणाच्यातरी शेतात चिखलात उभं राहून चहा प्यायचा. माझी पोरगी तसंच म्हणते. पण माणसाला नावानं हाक मारणारी जागा कुठंतरी लागते. आमच्यात तर नावानंही नाही, नंबरानं. कुणी आडनाव विसरेल, बायकोचं नाव विसरेल, गाडीचा नंबर विसरणार नाही. डेनिस म्हणजे केकेयू ७४०. सेसिल म्हणजे यूडब्ल्यूएक्स ३१८. क्लबाच्या पत्रिकेत कुणी गेल्याची बातमी आली की नावाखाली नंबर छापतात, आणि नंबर वाचल्यावरच अर्ध्या लोकांना कोण गेलं ते कळतं.

आणि मरायच्या आधीही माणूस आमच्यातून जातो. तेही सगळ्यांना ठाऊक असतं. हर्बर्ट लम्ब नावाचा एक होता. खुब्याचं हाड मोडलं, गाडी चालवणं संपलं. जोडी विकली. पहिल्या वर्षी त्याच्या मुलीनं त्याला दुपारपुरतं मैदानावर आणून सोडलं. आम्ही त्याला खुर्ची दिली, चहा दिला, केक दिला. जो तो आपली व्हॅन दाखवायला त्याला नेत होता, आणि तो दर दारात उभा राहून ‘छान, छान’ म्हणत होता. संध्याकाळी सगळ्यांच्या व्हॅनमध्ये दिवे लागले तेव्हा मुलगी त्याला न्यायला आली. दुसऱ्या वर्षी त्याचं फक्त कार्ड आलं. तिसऱ्या वर्षी नंबर छापून आला. त्या दुपारी हर्बर्टला गाडीपर्यंत पोचवायला सेसिल गेला होता. परत आला तो रात्री जेवला नाही, असं मेव्हिसनं सांगितलं होतं.

माझं या लोकांशी नातं विनायकमुळे, म्हणजे माझ्या नवऱ्यामुळे. तो ब्रॅडफर्डच्या बस डेपोत फिटर होता. एका भंगारवाल्याकडे त्याला मॉरिस ऑक्सफर्ड दिसली आणि तो जागीच खिळला, कारण तिचा चेहरा थेट त्याच्या वडिलांच्या अँबॅसडरचा. गाडीबरोबर मोडकी कॅरॅव्हान गळ्यात पडली. एकवीस वर्षं आम्ही त्यात फिरलो. मग हृदय बंद पडून तो गेला आणि मी जोडी विकायला काढली. व्हॅन लावून मी कधी चालवलेलीच नव्हती.

जाहिरात छापून आली त्या रविवारी सेसिल आणि मेव्हिस दारात उभे. तिच्या हातात घरी भाजलेली रूबार्बची पेस्ट्री, त्याच्या हातात ती जाहिरात. आत येऊन त्यानं ती माझ्यासमोर फाडली आणि म्हणाला, “ऊठ पोरी, किल्ली घे.” इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’, पण मी मनातल्या मनात त्याला कधी अहो-जाहो केलं नाही. तो मला पोरी म्हणायचा आणि मी त्याला अरे-तुरे करायची, असंच ते माझ्या कानांना ऐकू यायचं.

सहा रविवार त्यानं मला सुपरमार्केटच्या रिकाम्या आवारात शिकवलं. पुढं जाणं काहीच नाही. मागं घेताना सगळं उलटं. व्हॅन डावीकडे न्यायची तर चाक उजवीकडे फिरवायचं, आणि ती वळायला लागली की लगेच तिच्या मागं जायचं. तिसऱ्या रविवारी मी त्याच्या नडगीवर व्हॅन घातली. तो खाली बसला, पाय चोळला आणि म्हणाला, दुसरा आहे अजून, चल परत. सहाव्या रविवारी व्हॅन दोन खांबांच्या मधोमध गेली, आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. विनायक गेल्यावर पहिल्यांदाच रडले. त्या उन्हाळ्यात मी एकटी मैदानावर गेले. तो नसता तर मी सोल्टेअरच्या आमच्या घरात खिडकीशी बसून वाळले असते. हे त्याचे उपकार. ते मी विसरले नव्हते, आणि पुढं जे झालं ते विसरल्यामुळे झालं नाही.

मेव्हिस फेब्रुवारीत गेली. स्वयंपाकघरात पडली आणि चार दिवसांत संपलं. दफनानंतर हॅमचे सँडविच वाटत होते, तेव्हा सेसिलनं माझं कोपर धरलं आणि विचारलं, “एप्रिलचा मेळावा कुठाय?” दुःखात माणूस काहीही विचारतो. मी सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं, “तू जाणारेस ना? कुठल्या रस्त्यानं?” त्याचे डोळे कोरडे होते आणि माझं कोपर त्यानं सोडलं नव्हतं. मला वाटलं, बायको गेल्याचं बावरणं आहे.

एप्रिलच्या मेळाव्याआधी त्याचा फोन आला. आपण एकाच बाजूचे, बरोबर जाऊ. तू पुढं हो, मी मागून येतो. गंमत वाटली, कारण आजवर सेसिल कुणाच्या मागं राहिला नव्हता. आरशात मला त्याची रोव्हर दिसायची, अगदी माझ्या व्हॅनला चिकटून. थांबल्यावर मी दटावलं, इतकं जवळ येऊ नको, ब्रेक लावला तर घुसशील. तो म्हणाला, एकटेपणा वाटतो गं.

मेअखेरचा मेळावा रिपनच्या पलीकडे थॉर्नबेकच्या शेतात होता, आणि त्याची व्यवस्था माझ्याकडे होती. शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं निघालो. रिपनच्या गोल चौकात एक आजकालची कॅरॅव्हान आमच्या मधे घुसली. पांढरी, प्लास्टिकची, वॉशिंग मशीनसारखी. मी डावीकडे वळले. आरशात पाहते तर ती पांढरी सरळ गेली आणि सेसिल तिच्यामागं सरळ गेला.

तो तीन तासांनी उगवला. त्या पांढरीच्या मागं मागं तो सात मैल गेला होता. ती एका नव्या पद्धतीच्या कॅरॅव्हान पार्कमध्ये शिरली तर हाही शिरला, आणि तिच्या शेजारी जोडी उभी करून खाली उतरला. त्या माणसानं बिचाऱ्यानं आमच्या शेताच्या फाटकापर्यंत पुढं गाडी घालून याला आणून सोडलं. सेसिलनं सगळ्यांना हे स्वतःच रंगवून सांगितलं. म्हणाला, म्हटलं एकदा बघावं तरी दुसऱ्या जातीचे लोक राहतात कसे. डेनिस हसून हसून खोकायला लागला. मला हसू आलं नाही. माझ्या सायीतला थेंबभर पिवळा ज्याला दिसला होता, तो माणूस सात मैल त्या भगभगीत पांढऱ्यामागं गेला होता.

शनिवारी सकाळी मी त्याच्याकडे गेले आणि सरळ म्हटलं की सेसिल, मला तुझे डोळे तपासायचेत. इथला कायदा साधा आहे. वीस मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता आली पाहिजे. सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी फॉर्म येतो आणि डोळे ठीक आहेत असं आपलं आपणच लिहायचं असतं. मला वाटलं होतं तो चिडेल. त्यानं टोपी घातली, ‘चल’ म्हणाला आणि माझ्यापुढं चालायला लागला. ओळीनं आठ गाड्या उभ्या होत्या. मी एकेकीपासून वीस मोठी पावलं मोजली, त्याला उभं केलं आणि वाचायला सांगितलं. त्यानं आठही वाचल्या. खणखणीत, न अडखळता. शेवटची डेनिसची हिरवी ऑस्टिन. “केकेयू ७४०,” सेसिल म्हणाला. “अजून काही, मास्तरीणबाई?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यानं मला हात धरून उभं केलं त्याची मी भर मैदानात परीक्षा घेतली होती. मी त्याची माफी मागितली. त्यानं मला व्हॅनमध्ये बसवून चहा दिला. कपात ओतताना त्यानं बोट आत धरलं होतं. कढत चहा बोटाला लागला तेव्हा तो थांबला. ते मी पाहिलं, आणि पाहूनही त्याचा काही अर्थ लावला नाही.

दुपारी दूध संपलं म्हणून डेनिसकडे गेले. तो कुठंतरी कुणाच्या इंजिनात डोकं घालून बसला होता. मी त्याच्या ऑस्टिनला टेकून त्याची वाट पाहत होते. सहज खाली नजर गेली. प्लेटवर एमडब्ल्यूआर २१६ लिहिलं होतं.

मी वाकून हात लावून पाहिलं. डेनिस आला, हात पुसत, चोरट्यासारखा. त्याचा गिअरबॉक्स मोडला होता. मेव्हण्याकडेही तशीच ऑस्टिन होती, त्याच वर्षाची, त्याच हिरव्या रंगाची, ती तो मागून घेऊन आला होता. उसनी गाडी आणली म्हणून लोक टिंगल करतील, म्हणून कुणाला बोलला नव्हता. म्हणाला, “कालपासून चाळीस जण येऊन गेले, एकानं ओळखलं नाही. सगळे म्हणतात केकेयू मस्त चमकतीय.”

मी तिथंच गवतावर बसले. सेसिलनं प्लेट वाचलीच नव्हती. आठपैकी एकही नाही. ओळीत कोण कुठं उभं राहतं ते वर्षानुवर्षं ठरलेलं, रंगाचा ठिपका दिसला की नंबर पाठ. आणि मी? माझे डोळे चांगले आहेत, मी सुईत दोरा ओवते. पण मीही प्लेट पाहिली नव्हती. मलाही ते आठ नंबर पाठ होते. तो पाठ म्हणत होता आणि मी पाठावरून बरोबर-चूक ठरवत होते. शेजारची शेतकरीण बोलावली असती, शाळेतलं पोर उभं केलं असतं, तर एका क्षणात सापडलं असतं. आमच्यासारखी खुळीच असं फसू शकतात.

सेसिल व्हॅनमध्येच होता. मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, “डेनिसच्या गाडीवर केकेयू लिहिलेलं नाहीये.”

तो आधी हसला. मग म्हणाला, तुझी काहीतरी चूक होतेय. मग म्हणाला, एखादा नंबर चुकतो माणसाचा. मी दारातून हलले नाही, तेव्हा तो बाकावर बसला आणि त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मधलं गेलंय,” तो म्हणाला. “कडा दिसतात. बरोब्बर मधे कसर लागावी तसं भोक आहे. तुझं तोंड दिसत नाही मला. तुझे कान आणि स्वेटर दिसतोय.”

“कधीपासून?”

“अडीच वर्षं.”

अडीच वर्षं. मी हिशोब केला. मेव्हिस बोलायला लागली होती तेव्हापासून. डोळ्यांच्या इस्पितळात त्याला साफ सांगितलं होतं की गाडी बंद. घरी आल्यावर त्यानं किल्ली मेव्हिसच्या हातात दिली आणि तीन आठवडे खुर्चीतून उठला नाही. दाढी नाही, धड जेवण नाही. हर्बर्ट लम्बचं नाव घेऊन रात्री उठून बसायचा. चौथ्या आठवड्यात मेव्हिसनं किल्ली त्याच्यासमोर ठेवली. ती म्हणाली, मला चालवता येत नाही, पण मला दिसतं. फॉर्म तिनंच भरला. तिच्या सुंदर अक्षरात लिहिलं की डोळे ठीक आहेत. त्यानंतर गाडीत तिनं विणकाम कधी नेलं नाही.

“तिला बोलायला आवडायचं नाही गाडीत,” सेसिल म्हणाला. “घरी आली की घसा धरायचा. मध चाटायची. तुम्ही सगळे हसायचात, तेही तिनं ऐकून घेतलं माझ्यापायी.”

मला लाज वाटली, आणि त्या लाजेच्या पाठोपाठ राग आला. अडीच वर्षं ही दोघं पावणेदोन टनांचा भार घेऊन वाटेवरच्या ऑटली गावातल्या शाळेसमोरून जात होती. मेव्हिसला शिंक आली असती तर? मी ते बोलून दाखवलं. तो म्हणाला, ती कधी शिंकली नाही. मग तो उठला, चाचपडत माझ्याजवळ आला आणि माझे दोन्ही हात धरले. हा माणूस कधी कुणापुढं वाकलेला मी पाहिला नव्हता.

“सप्टेंबरपर्यंत, पोरी. एवढा एक उन्हाळा. तू शेजारी बस. फक्त बोलत राहा, मेव्हिससारखं. बाकी सगळं मला येतं. हात-पाय चांगले आहेत माझे. फक्त सांग.”

मी नाही म्हटलं.

“मग मागून येतो तुझ्या. हळू जा तू.”

मी नाही म्हटलं.

“तुला कुणी शिकवलं?” तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. “तू घरात बसून मरत होतीस. कोण आलं होतं? एवढंच मागतोय मी. मला त्या खुर्चीत बसवून चहा देऊ नका. मला नाही जमणार ते छान, छान म्हणणं.”

मी हात सोडवून घेतले. बाहेर जाऊन व्हॅनच्या मागं उभी राहिले. विनायक असता तर त्याच्यावर ढकललं असतं. कुणावर ढकलणार? रस्त्यावर लोकांची पोरं होती, आणि आत हा होता. परत आत गेले आणि सांगितलं की सोमवारी त्याची जोडी डेनिस नेईल, डेनिसची उसनी ऑस्टिन त्याची बायको चालवेल, आणि सेसिल माझ्याबरोबर मॉरिसमधून येईल. घरी गेल्यावर परवाना त्यानं स्वतः परत पाठवायचा, नाहीतर मी पत्र लिहीन. त्यानं टोपी उचलून डोक्यावर घातली. मग म्हणाला, शेवटची फेरी तरी मारू दे.

सोमवारी मेळावा उठताना प्रत्येक जोडी मैदानाला एक फेरी घालते आणि मग फाटकाबाहेर पडते. बाकीचे कडेला उभे राहून पातेल्यांवर चमचे बडवतात. इथपर्यंत कायदाही येत नाही, शेत खाजगी. मी कबूल झाले. ठरलं असं की मी शेजारी बसायचं, फेरी झाली की फाटकाच्या आत थांबायचं, तिथं डेनिस उभा असेल, त्याला स्टिअरिंग द्यायचं, कारण मात्र सांगायचं नाही.

मेव्हिसच्या जागेवर मी बसले. सेसिलनं दाढी केली होती, टाय बांधला होता. त्यानं गाडी सुरू केली आणि मी बोलायला लागले. डावीकडे खुंटी. सरळ. उतार आहे, हळू. उजवीकडे वळायला घे, अजून, बास. पहिली वीस पावलं मी डॅशबोर्ड घट्ट धरून होते. मग मला कळलं की खरंच, बाकी सगळं त्याला येत होतं. मी ‘उजवीकडे’ म्हणायच्या आत त्याचा हात निघायचा. चौदा फुटी व्हॅन आमच्यामागून हरळीवर जराही न हिसकता येत होती. लोक पातेली बडवत होते. डेनिसची बायको ओरडली की शालन, तुला मेव्हिस चावली का गं, आणि सगळे हसले. कुणालाच काही माहीत नव्हतं. सेसिल त्या आवाजाच्या दिशेनं मान झुकवून हसत होता आणि गालांवरून पाणी टायवर पडत होतं.

“फाटक आलं,” मी म्हटलं. “थांब.”

त्यानं वेग कमी केला नाही.

“सेसिल, थांब. डेनिस उभा आहे.”

डेनिस बाजूला झाला, हसत हसत सलाम ठोकला. दोन्ही खांब आमच्या दोन्ही बाजूंनी गेले. ते मी सांगितले नव्हते. त्याला त्यांच्या कडा दिसल्या असाव्यात. आम्ही बाहेर गल्लीत होतो. दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं, रस्ता एका गाडीपुरता, आणि पुढं माळापर्यंत चढ.

“मुख्य रस्त्यापर्यंत,” तो म्हणाला. “तेवढंच. बोल.”

मी बोलले. तोंडातून आपोआप आलं. डावीकडे भिंत जवळ आहे, थोडा उजवीकडे. घाबरून बोलले, कारण गाडीत मीही होते. त्याचे खांदे सैल झाले. मी बोलत गेले आणि तो चालवत गेला, आणि अर्धा मैल गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी बोलतेय तोवर हा मुख्य रस्त्याला थांबणार नाही. रिपनला थांबणार नाही. शिपलीला पोचला तरी जूनमध्ये पुन्हा दाराशी येईल. हँडब्रेकवर माझा हात गेला. मी तो ओढू शकले असते. पण मग गाडी मी थांबवली असती, आणि हा उरलेलं आयुष्य मी ब्रेक ओढला नसता तर काय झालं असतं याचाच विचार करत बसला असता. मी हात मागं घेतला.

मी तोंड मिटलं.

“पुढं काय आहे?” सेसिल म्हणाला.

मी गप्प बसले.

“शालन. वळण आहे का? कुणी येतंय? बोल ना.” रोव्हरचा वेग उतरला. त्यानं मान एका बाजूला वळवली, डोळ्याच्या कडेनं रस्ता धरायला, मग दुसऱ्या बाजूला. त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. “पोरी, मला काहीच दिसत नाहीये. काय आहे पुढं?”

गाडी चालायच्या वेगावर आली, मग त्याहून हळू, आणि मग थांबली. त्यानं स्वतः ब्रेक लावला, स्वतः किल्ली फिरवली. मागची व्हॅन एकदा हलून स्थिर झाली. तो दोन्ही हात चाकावर ठेवून, आता काहीतरी येऊन आदळणार आहे अशा तयारीनं, डोळे मिटून बसला होता.

रस्ता माळापर्यंत मोकळा होता. गाडी नव्हती, माणूस नव्हतं, मेंढीसुद्धा नव्हती. मी ते त्याला अजून सांगितलेलं नाही.